खुणा कोणत्या धराव्यात? उत्तरेच्या किनाऱ्यावरील एका लहान वनस्पतीचा पाठ



अकरावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात सुरुवातीलाच एक तक्ता आहे. माणूस, घरमाशी, आंबा आणि गहू या चौघांची प्रजाती, कुल, गण, वर्ग अशी सारी माहिती ओळीने दिलेली असते. तुम्ही तो तक्ता पाठ करता, परीक्षेत लिहिता आणि गुण मिळवता. मला मात्र दरवर्षी एक शंका येते. तो तक्ता वाचून तुमची समजूत अशी होते की वर्गीकरण हे कधीच पूर्ण झालेले काम आहे आणि आपण फक्त ते लक्षात ठेवायचे आहे. म्हणून या लेखात मी अशी वनस्पती निवडली आहे, जिचे काम अजून पुरे झालेले नाही. ती आपल्या देशातली नाही. ब्रिटन, आयर्लंड, नॉर्वे अशा उत्तरेकडील देशांच्या समुद्रकिनाऱ्यावर ती वाळूत पसरलेली असते. येणाजाणारा तिच्याकडे पाहतही नाही. पण एखाद्या सजीवाची ओळख पटवताना कोणत्या खुणेवर विश्वास ठेवावा आणि कोणत्या खुणेवर ठेवू नये, हे शिकवायला तिच्यासारखा गुरू नाही.

कुल आणि नाव

या वनस्पतीचे शास्त्रीय नाव पॉलिगोनम राई. इंग्रजीत अशा वनस्पतींना नॉटवीड किंवा नॉटग्रास म्हणतात, म्हणजे गाठीचे तण, गाठीचे गवत. प्रत्यक्षात ती गवत नाही. गवत एकदलिकित असते, ही द्विदलिकित आहे. 'पॉलिगोनम' हे नाव ग्रीक भाषेतून आले. 'पॉली' म्हणजे पुष्कळ आणि 'गोनी' म्हणजे गुडघा. खोडावर जागोजागी फुगीर पेरी असतात, म्हणून पुष्कळ गुडघ्यांची ती पॉलिगोनम.

तिचे कुल पॉलिगोनेसी. मराठी ग्रंथांत याला चुक्र कुल म्हणतात आणि ते नाव ऐकताच मराठी घरातल्या छात्रांना ओळख पटावी. आपल्या स्वयंपाकघरातला आंबट चुका याच कुलातला. नवरात्रात उत्तर भारतात ज्याच्या पिठाच्या पुऱ्या होतात तो कुट्टूही याच कुलातला. तेव्हा वनस्पती परदेशी असली तरी तिचे नातेवाईक आपल्या ताटात आहेत.

या कुलातील बहुतेक वनस्पतींची एक ठळक खूण आहे. पान जिथे खोडाला जोडलेले असते, तिथे पेऱ्याभोवती एक पातळ, पापुद्र्यासारखी नळी असते. सदऱ्याच्या बाहीने मनगट झाकावे तशी ती खोडाला वेढते. या नळीला ओक्रिया म्हणतात. उपपर्णे एकमेकांना जुळून ती बनते. पॉलिगोनममध्ये ही नळी चंदेरी असते आणि कालांतराने फाटून तिच्या चिंध्या होतात. तिच्यावर उभ्या शिरा असतात. त्या शिरा लक्षात ठेवा, पुढे त्या मोजायच्या आहेत.

राहण्याची जागा

भरतीचे पाणी वर्षभरात जिथपर्यंत चढते, त्या रेषेच्या थोडे वर ही वनस्पती वाढते. हिवाळ्यातील लाटा तिथे समुद्रशैवाल, काटक्या, शिंपले आणून टाकतात. शैवाल कुजते, वाळूला खत मिळते, आणि वसंतात याच पट्ट्यात काही मोजक्या वनस्पती उगवतात. मोहरीच्या कुलातील काकिले मॅरिटिमा त्यांतलीच एक. पॉलिगोनम राई तिच्या शेजारी दिसते. पुढच्या हिवाळ्यात लाटा पुन्हा येतात आणि तो पट्टा धुऊन नेतात. झाड जाते, बी वाळूबरोबर कुठेतरी पुरले जाते आणि पुढच्या वर्षी उगवले तर जागा थोडी बदललेली असते.

अशा ठिकाणी उंच वाढून चालत नाही. खोड जमिनीलगत आडवे पसरते. पाने लहान, लांबट आणि निळसर हिरवी असतात. पानांच्या बेचक्यांत एकेकटी किंवा थोड्या संख्येने बारीक फुले येतात. फुलाला वेगळ्या पाकळ्या नसतात. हिरवी, पांढऱ्या किंवा गुलाबी कडेची ५ परिदले असतात, आत साधारण ८ पुंकेसर आणि ३ किंजल्क. फळ तीन धारांचे, कोरडे, एकाच बीचे असते. त्याला कृत्स्नफळ म्हणतात. परिदले गळून पडत नाहीत, ती फळाला तळापासून धरून ठेवतात.

फसवणाऱ्या खुणा

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. समजा, तुम्ही त्या किनाऱ्यावर उभे आहात आणि पायाशी असे एक झाड आहे. ते पॉलिगोनम राईच आहे हे कसे ठरवाल? पॉलिगोनम ॲव्हिक्युलारे ही त्याची भावंड वनस्पती जगभर रस्त्याकडेला, शेतात, अंगणात उगवते. आपल्याकडे काश्मीर आणि हिमालयाच्या भागातही ती आहे. तीही जमिनीलगत पसरू शकते, तिलाही चंदेरी ओक्रिया असतात, आणि ती किनाऱ्यावरही पोहोचते.

वर्गात मी हा प्रश्न टाकला की पहिले उत्तर ठरलेले असते: आकार पाहू, पाने पाहू. इथेच फसगत होते. याच ॲव्हिक्युलारेला चांगली माती आणि मोकळी जागा मिळाली तर ती ताठ, फांद्यांनी भरलेली, मोठ्या पानांची होते. पायवाटेवर तुडवली गेली तर चिमूटभर राहते. मुख्य खोडावरची पाने मोठी, फांद्यांवरची लहान, आणि मोठी पाने लवकर गळतात. म्हणजे जूनमध्ये आणि सप्टेंबरमध्ये पाहिलेले एकच झाड दोन वेगळ्या जाती वाटू शकते. परिस्थितीप्रमाणे बदलणाऱ्या अशा खुणा वनस्पतीचा इतिहास सांगतात, तिचे कुळ सांगत नाहीत.

विमान ओळखायला शिकवताना तुम्हाला काय सांगतात ते आठवा. रंग पाहू नका. रंग आज एक, उद्या दुसरा. पंख पाहा, इंजिन पाहा, धड पाहा, शेपूट पाहा. वनस्पतीच्या बाबतीत प्रश्न इतकाच की तिचे पंख आणि शेपूट कोणते?

याचे एक जुने आणि नेमके उत्तर जॉन रे या इंग्रज निसर्गाभ्यासकाने दिले आहे. रे यांचा काळ १६२७ ते १७०५. लोहाराचा हा मुलगा केंब्रिजमध्ये शिकला, धर्मोपदेशक झाला आणि आयुष्यभर वनस्पतींच्या मागे फिरला. त्यांच्या 'हिस्टोरिया प्लांटारम' या ग्रंथाचा पहिला खंड १६८६ मध्ये निघाला. त्यात त्यांनी जातीची कसोटी सांगितली. तिचा सारांश असा: दोन झाडांतील जो फरक बियांतून पुढच्या पिढीत तसाच उतरतो, तोच जातीचा फरक. जो फरक बी दुसऱ्या मातीत पेरताच नाहीसा होतो, तो जातीचा नव्हे. पुढे एकोणिसाव्या शतकात चार्ल्स कार्डेल बॅबिंग्टन यांनी आपल्या या किनारी वनस्पतीला नाव दिले तेव्हा ते रे यांच्या सन्मानार्थ 'राई' असे ठेवले. आपली वनस्पती रे यांच्या कसोटीवरच तपासावी लागते, हा योगायोग मला फार आवडतो.

टिकणाऱ्या खुणा

रे यांच्या कसोटीला उतरतात त्या दोन गोष्टी: फळ आणि ओक्रिया. म्हणून हातात भिंग आणि मोजपट्टी घ्या.

पॉलिगोनम ॲव्हिक्युलारेचे फळ साधारण ३ मिलिमीटरचे असते. ते निस्तेज असते, पृष्ठभागावर बारीक ठिपक्यांच्या रेषा असतात, आणि पिकल्यावरही ते बहुतेक सगळे परिदलांच्या आत झाकलेले राहते. पॉलिगोनम राईचे फळ ५ मिलिमीटर किंवा थोडे अधिक भरते. ते गुळगुळीत आणि चकचकीत असते, आणि त्याचे टोक परिदलांच्या बाहेर स्पष्ट डोकावते.

किनाऱ्यावर आणखी एक जवळची नातेवाईक आहे, पॉलिगोनम मॅरिटिमम. हे नाव लिनीयस यांनी १७५३ मध्ये दिले. ती मूळची दक्षिणेकडची, भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर भरपूर आढळणारी. ब्रिटनमध्ये फक्त दक्षिण किनाऱ्यावर ती अगदी थोड्या ठिकाणी आहे. तिचेही फळ गुळगुळीत आणि चकचकीत असते, म्हणून केवळ चमक पाहून चालत नाही. तिचे फळ ४ मिलिमीटरच्या आसपास असते आणि परिदलांइतकेच किंवा किंचित लांब असते. शिवाय ती बहुवर्षायू आहे, तिचे खोड तळाशी लाकडासारखे टणक होते आणि पानांच्या कडा खाली मुडपलेल्या असतात. आता ओक्रिया पाहा. मॅरिटिममच्या ओक्रियावर ८ ते १२ शिरा असतात, आणि वरच्या भागात ती ओक्रिया कांड्यापेक्षा लांब असल्याने खोड जवळजवळ चंदेरी दिसते. राईच्या ओक्रियावर शिरा ४ ते ६ आणि लांबी कांड्यापेक्षा कमी. शिरा मोजल्या की बहुतेक वेळा वाद मिटतो.

बहुतेक वेळा म्हटले, नेहमी नाही. एक सापळा अजून आहे. ॲव्हिक्युलारेच्या गटातील झाडांना ऋतूच्या अखेरीस, थंडी सुरू होताना, काही वेगळीच फळे येतात. ती नेहमीपेक्षा लांब, फिकट, गुळगुळीत आणि परिदलांच्या बाहेर आलेली असतात. म्हणजे नेमकी राईची नक्कल! ज्याने शरद ऋतूच्या शेवटी एकच फळ पाहिले, तो साध्या रस्त्याकडेच्या तणाला किनाऱ्यावरची दुर्मिळ वनस्पती समजेल. म्हणून नियम असा: भर हंगामातील पिकलेली फळे पाहा, एक नव्हे तर पुष्कळ पाहा, आणि एकाच खुणेवर निकाल देऊ नका. खात्रीची खूणसुद्धा वेळ पाहून वापरावी लागते.

उत्तरेकडे गेल्यावर

स्कॉटलंडच्या पलीकडे, नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्याने पुढे श्वेत समुद्राकडे जाताना गाठ अधिक घट्ट होते. तिथल्या झाडांना स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ गुन्नार सामुएल्सन यांनी राईची नॉर्वेजियन उपजाती मानले. नंतर ती पॉलिगोनम नॉर्वेजिकम या स्वतंत्र नावानेही ओळखली जाऊ लागली. बाल्टिक समुद्राकाठी तशीच टोकदार फळाची आणखी एक वनस्पती आहे, पॉलिगोनम ऑक्सिस्पर्मम. या नावाचा अर्थच टोकदार बी. आता ही तीन जातींची तीन घरे, की एकाच जातीच्या तीन खोल्या? यावर विद्वानांचे आजही एकमत नाही. १९६३ मध्ये वेब आणि चेटर यांनी राईला ऑक्सिस्पर्ममची उपजाती केले. दोन्ही एकत्र केल्यावर जातीला ऑक्सिस्पर्मम हेच नाव राहिले, कारण ते आधी प्रसिद्ध झाले होते. याला अग्रक्रमाचा नियम म्हणतात. इथे सेवाज्येष्ठता नावाची असते, नाव देणाऱ्याच्या मोठेपणाची नव्हे. काही ग्रंथ हे एकत्रीकरण पाळतात, काही राईला स्वतंत्र जातीच ठेवतात.

शेटलंड आणि ऑर्कनी बेटे, आइसलँड, नॉर्वे या भागांत पॉलिगोनम बोरेआले नावाची आणखी एक उत्तरवासी आहे. 'बोरेआले' म्हणजे उत्तरेची. ती ॲव्हिक्युलारेच्या जवळची असून तिच्या पानांचे देठ ओक्रियातून चांगले बाहेर आलेले असतात. एकेकाळी ती ॲव्हिक्युलारेचाच एक प्रकार समजली जाई. इथे गुणसूत्रांनी मदत केली. या प्रजातीत गुणसूत्रांचा मूळ संच १० चा आहे. मॅरिटिममच्या पेशीत २०, राई आणि बोरेआलेच्या पेशीत ४०, आणि ॲव्हिक्युलारेच्या पेशीत ६० गुणसूत्रे असतात. बी. टी. स्टाइल्स यांनी १९६२ मध्ये ब्रिटनमधील या गटाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात बाह्य खुणांबरोबर गुणसूत्रांचाही विचार होता. पण राई आणि बोरेआले यांची संख्या सारखीच आहे, हेही पाहा. म्हणजे गुणसूत्रांची संख्यासुद्धा एकटी पुरत नाही. ती एक साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही.

प्रजातीची फाळणी

हाच धडा एक पायरी वर, प्रजातीच्या पातळीवरही लागू पडतो. लिनीयस यांनी फुलातील पुंकेसर आणि किंजल मोजून वनस्पतींचे वर्ग पाडले. ८ पुंकेसर, ३ किंजल अशा खान्यात त्यांनी पॉलिगोनम ठेवले आणि त्यात फार मोठा गोतावळा भरला. कुट्टूसुद्धा त्यांच्या लेखी पॉलिगोनमच होता. मोजणी सोपी होती, पण घर वाजवीपेक्षा मोठे झाले.

उलट, आइसलँडमधली एक चिमुकली वनस्पती त्यांनी १७६७ मध्ये वेगळ्या प्रजातीत टाकली, कारण तिला ३ च पुंकेसर होते. तिचे नाव कोनिगिया आयलंडिका. ती गोळा करणारे त्यांचे शिष्य योहान गेरहार्ड कोनिग पुढे १७६८ मध्ये आपल्या तमिळनाडूतील थरंगमबाडीला आले. तेव्हा तिथे डॅनिश वसाहत होती. त्यांनी उरलेले आयुष्य भारतात वनस्पती गोळा करण्यात घालवले आणि १७८५ मध्ये इथेच देह ठेवला. त्यांच्या नावाची ती आर्क्टिक वनस्पती उंच हिमालयातही उगवते.

पुढे पॉलिगोनमचे मोठे घर हळूहळू विभागले गेले. १९४६ मध्ये ओलोव्ह हेडबर्ग यांनी सूक्ष्मदर्शकाखाली परागकण तपासले आणि दाखवले की या एका नावाखाली अनेक वेगवेगळ्या रचनांचे पराग आहेत. पर्सिकारिया, बिस्टोर्टा, फॅलोपिया, रेनूट्रिया अशा प्रजाती वेगळ्या मानण्याला त्यामुळे बळ मिळाले. डीएनएच्या अभ्यासाने त्यापुढची गोष्ट सांगितली. हिमालयातील माणसाएवढ्या वाढणाऱ्या काही नॉटवीड वनस्पती त्या चिमुकल्या कोनिगियाच्या सख्ख्या नातलग निघाल्या, आणि २०१५ मध्ये कोनिगिया या प्रजातीची व्याप्ती वाढवून त्यांना तीत घेण्यात आले. पुंकेसरांच्या संख्येने जे नाते तोडले होते, ते दोन शतकांनंतर जुळले. आपली किनाऱ्यावरची राई मात्र सगळ्या वाटण्या होऊनही मूळ पॉलिगोनममध्येच आहे.

एवढा खटाटोप कशासाठी?

पालक विचारतील, छात्रही विचारतील: एका तणाच्या ओक्रियावरच्या शिरा मोजून काय मिळते? उत्तर ब्रिटनच्या एका कायद्यात आहे. १९८१ च्या वन्यजीव व ग्रामीण प्रदेश कायद्याच्या आठव्या परिशिष्टात संरक्षित वनस्पती आहेत. त्यात पॉलिगोनम मॅरिटिमम आहे. ती खुडणे, उपटणे, नष्ट करणे गुन्हा आहे. त्याच कायद्याच्या नवव्या परिशिष्टात रानात लावण्यास मनाई असलेल्या उपद्रवी वनस्पती आहेत. त्यात जपानी नॉटवीड आहे, आणि कायदा झाला तेव्हा तिचेही नाव पॉलिगोनमच लिहिले होते. आज तिला रेनूट्रिया जपॉनिका म्हणतात. एकाच कायद्यात एका पॉलिगोनमला पहारा आणि दुसऱ्या पॉलिगोनमला बंदी! जो माणूस 'नॉटवीड दिसली, काढून टाका' असा सरसकट हुकूम देईल, तो एखाद्या दिवशी जिचे रक्षण करायचे तिचाच नाश करील.

मॅरिटिमम आणि राई यांच्यातला गोंधळही असाच महाग पडतो. राईला मॅरिटिमम समजले, तर ती दुर्मिळ वनस्पती आहे त्यापेक्षा अधिक ठिकाणी आहे असे वाटते आणि पहारा सैल होतो. मॅरिटिममला राई समजले, तर तिच्यावरून यंत्र फिरवून किनारा स्वच्छ केला जातो आणि कोणाला पत्ताही लागत नाही. ज्याची ओळख नीट पटवलेली नाही, त्याचे रक्षण करता येत नाही. गणवेशात वावरणाऱ्यांना हे वाक्य अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

स्वाध्याय

या पाठाचा अभ्यास परदेशी न जाता करता येतो. पॉलिगोनम प्लेबियम ही आपली देशी जात भारताच्या मैदानी भागात आटत चाललेल्या तळ्याकाठी, नदीच्या कोरड्या पात्रात आणि पडीक शेतात जमिनीला चिकटून वाढते. हिवाळा संपता संपता ती शोधा.

१. कोरड्या, तुडवलेल्या जागेतील एक आणि ओलसर, मोकळ्या जागेतील एक अशा दोन झाडांच्या पानांची लांबी मोजा. प्रत्येकी १० पाने घ्या.

२. त्याच झाडांची प्रत्येकी १० पिकलेली फळे मोजा. पानांत फरक जास्त पडतो की फळांत, ते वहीत लिहा.

३. भिंगाखाली ओक्रिया पाहून तिचे चित्र काढा. झाड मिळाले नाही तर बाजारातून मुळासकट चुक्याची जुडी आणा आणि देठाच्या तळाशी तो पापुद्रा शोधा.

४. दोन्ही झाडांचे बी एकाच कुंडीत, एकाच मातीत पेरा. कोणता फरक टिकला आणि कोणता नाहीसा झाला, याची तारखेनिशी नोंद ठेवा.

चौथा प्रश्न वेळ घेईल, पण खरे उत्तर त्याच्यातच आहे. वह्या मी तपासीन. मात्र नुसते निष्कर्ष लिहू नका, मोजमापेही लिहा. निष्कर्ष कोणीही कोणाचा उतरवून काढतो. मोजमाप ज्याचे त्यालाच करावे लागते.